तीन मुद्दे आणि एक तात्पर्य

चांगला परिच्छेद कसा लिहावा, हे मी नाशिकमध्ये वीसेक वर्षं शिकवलं. आधी कॉलेजात अकरावी-बारावीला, मग संध्याकाळी खाजगी क्लासात, मग गाईडं लिहून. गाईडं म्हणजे मुलं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विकत घेतात आणि परीक्षेनंतर रद्दीत घालतात ती पुस्तकं. माझं बहुतेक साहित्य त्या रद्दीत आहे आणि योग्य जागी आहे.

पद्धत सोपी होती. पहिल्या वाक्यात विषय सांगायचा. मग तीन मुद्दे. दोन लिहिले तर विद्यार्थी आळशी, चार लिहिले तर आगाऊ. शेवटी तात्पर्य. तात्पर्याशिवाय परिच्छेद म्हणजे शेंडीशिवाय भटजी, असं मी वर्गात म्हणायचो आणि पोरं हसायची. दर वर्षी त्याच ठिकाणी हसायची. मला वाटायचं, मी विनोदी आहे.

या पद्धतीने काय तयार व्हायचं ते सांगतो. ‘माझी आई’ हा विषय दिला की वर्गातल्या साठ मुलांच्या साठ आया पहाटे पाचला उठायच्या. एकीलाही कधी उशिरा जाग आली नाही, एकीचाही भात कधी लागला नाही, एकीनेही कधी पोराला लाटण्याने मारलं नाही. पंचवटीत भाजीबाजाराच्या डोक्यावर राहणारा एक मुलगा होता. उजाडायच्या आत खाली टेम्पो लागायचे, हमालांच्या शिव्या त्याच्या उशीपर्यंत यायच्या. ‘माझे आवडते ठिकाण’ या विषयावर त्याने लिहिलं, ‘पंचवटीत आल्यावर मनास अपूर्व शांती लाभते.’ मी त्याला दहापैकी आठ दिले. शेरा लिहिला, ‘छान! असेच लिहीत जा.’

तो तसाच लिहीत गेला. आता एका दैनिकात आहे म्हणे.

हे सगळं मी हसण्यावारी नेऊ शकलो असतो. नाशिकमध्ये माझ्यासारखे पुष्कळ होते, आणि कुणाचंही त्यात फारसं बिघडलं नाही. माझ्या हातून मात्र एकीचं बिघडलं. ते मी इथे नाशिकमध्ये आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. पन्नाशी ओलांडल्यावर माणसाला लपवण्याचाही कंटाळा येतो. तेवढंच कारण.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. अकरावीच्या वर्गात हरसूलकडची, डोंगरपट्ट्यातली एक मुलगी होती. मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची, मागच्या बाकावर बसायची. वर्गात तिच्या तोंडून ‘हाय’, ‘नाय’ आलं की पुढच्या बाकांवर खसखस पिकायची, म्हणून ती बोलायचीच नाही. एकदा मी ‘माझे घर’ हा विषय दिला. इतरांची घरं अपेक्षेप्रमाणे आली. घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत, वगैरे. तिच्या वहीत हे होतं:

‘दिवाळीनंतर भात झोडून झाला की आम्ही द्राक्षाच्या मळ्यात कामाला जातो. जायच्या दिवशी आई जातं उलटं करून ठेवते आणि बियाणं वर टांगते. मग सगळ्यात शेवटी ती घर सारवते. मागच्या भिंतीपासून सारवत सारवत ती उलटी दारापर्यंत येते आणि बाहेर येऊन कडी लावते. शिमग्याला परत आलो की आई आधी जमीन बघते. उंदीर कुठून आला, मांजर कुठे बसलं, सगळं पायांवरून कळतं. मी दुसरीत होते तेव्हा माझी पाटी आत राहिली, म्हणून मी ओल्या जमिनीवरून पळत गेले. आईने पाठीत धपाटा घातला, पण पुन्हा सारवायला वेळ नव्हता, ट्रक उभा होता. परत आलो तेव्हा माझं पाऊल तिथेच होतं. मी त्यात पाय ठेवून बघितला. अंगठा बाहेर राहिला.’

झालं. इतकंच.

मी ते दोनदा वाचलं. मला कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण कळलं नसतं तर मी फक्त मूर्ख ठरलो असतो. ते वाचून मी चहा थंड होऊ दिला. मग लाल पेन घेतलं आणि लिहिलं, ‘विषयाची सुरुवात नाही. मुद्दे नाहीत. तात्पर्य कुठे आहे? ३/१०.’

असं का केलं? दुसरं काही करायचं तर उरलेल्या एकोणसाठ वह्यांचं काय करायचं, हा प्रश्न आला असता. माझं काय करायचं, हाही आला असता.

तिने वही घेतली, शेरा वाचला आणि विचारलं, “सर, तात्पर्य म्हंजे काय लिहू?”

“यातून काय बोध होतो ते.”

“बोध नाय होत सर. तसं झालं होतं फक्त.”

पुढच्या बाकांवर हशा. मीही हसलो.

त्याच सुमारास पंचवटीतले आमचे प्रकाशक मागे लागले होते. त्यांचं दुकान म्हणजे जिना आणि भिंत यांच्यातली फट. त्या फटीत बसून ते साऱ्या जिल्ह्याच्या मराठी भाषेचा निकाल लावायचे. मला म्हणाले, “सर, त्याच त्या आया आणि तेच ते पावसाळे किती छापायचे? यंदा जरा ग्रामीण टाका. ग्रामीणला उठाव आहे.”

“ग्रामीण म्हणजे काय टाकू?”

“ते मी काय सांगू! तुम्ही साहित्यिक. मी खोबरेल तेल विकायचो आधी.”

माझ्याकडे ग्रामीण काहीही नव्हतं. माझा जन्म गंगापूर रोडचा, आणि शेत मी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. तिची वही मात्र माझ्या टेबलावर दुसऱ्यांदा तपासायला आली होती. मी तो परिच्छेद उतरवून घेतला. वर मथळा दिला, ‘स्थलांतर: एक ज्वलंत समस्या’. बाकी काही बदललं नाही, फक्त शेवटी माझ्या हाताने एक वाक्य जोडलं: ‘अशा प्रकारे स्थलांतरामुळे बालमनावर खोल ओरखडे उमटतात, म्हणून शासनाने व समाजाने याकडे गांभीर्याने पाहणे ही काळाची गरज आहे.’

अंगठा बाहेर राहिल्यावर हे वाक्य. वाचणाऱ्याच्या तोंडावर दार आपटावं तसं. पण प्रकाशक खूश झाले. “हे वाक्य म्हणजे कळस आहे, सर,” असं म्हणाले. खोबरेल तेलवाल्याचा दोष माझ्यापेक्षा कमी आहे, कारण त्याला खरंच तसं वाटलं होतं.

मुलीला विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातही आलं नाही. विद्यार्थ्याच्या वहीतलं ते आपलंच, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. स्टाफरूममध्ये चांगली वाक्यं अशीच फिरायची, डब्यातल्या लोणच्यासारखी.

पुढच्या वर्षी ती बारावी झाली. मार्क बरे पडले, नाशिकमध्येच डी.एड.ला प्रवेश मिळत होता. पण सरकारी वसतिगृहात राहता यायचं ते बारावीपर्यंतच. पुढे राहायचं कुठे? शहरात एक संस्था होती, खेड्यातल्या मुलींची राहण्या-जेवणाची सोय करायची. जागा मोजक्या, म्हणून लहानशी लेखी परीक्षा घ्यायची. जागा मिळाली तर डी.एड., नाही तर परत घरी, असा सरळ हिशेब होता आणि तो तिला माहीत होता. मलाही होता. अर्ज भरताना तिने मलाच विचारलं होतं, “सर, काय विचारतात?” मी म्हणालो होतो, “सोपं असतं. मनापासून लिही.”

तपासणारे तिघे. एक निवृत्त मुख्याध्यापक, ते अध्यक्ष. एका कॉलेजातल्या बाई. आणि मी, गाईडकार म्हणून. प्रश्न होता, ‘तुमच्या आयुष्यातील खराखुरा प्रसंग एका परिच्छेदात लिहा.’ प्रश्न मीच काढला होता.

दुपारचे आम्ही संस्थेच्या कचेरीत पेपर तपासत बसलो होतो. अचानक मुख्याध्यापक खुर्चीत मागे रेलून खदखदा हसले.

“घ्या! खराखुरा प्रसंग म्हणे. अहो, हा तुमच्या गाईडमधला उतारा!”

कागद न बघताच मला कळलं कुणाचा असेल. मुख्याध्यापक उठले, मागचं कपाट उघडलं. मुलींना उपयोगी पडावीत म्हणून माझी गाईडं मीच त्या संस्थेला भेट दिली होती, पहिल्या पानावर सही करून. त्यांनी पान काढलं आणि बोट ठेवून ते दोन्ही ताडून पाहायला लागले. “जातं उलटं... बियाणं वर... शब्द न् शब्द! चार शब्द तरी बदलायचे.”

बाई म्हणाल्या, “बोलवा तिला. निकालासाठी बाहेरच थांबली असेल.”

ती बाहेर व्हरांड्यात होती. सोबत तिचे वडील, टोपी हातात धरून. तिला एकटीलाच आत घेतलं. मुख्याध्यापकांनी गाईड तिच्यापुढे धरलं.

“हे काय आहे?”

तिने ते गाईड आधी पाहिलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कुणालाही कळलं असतं. ती उभ्याने सगळा उतारा वाचत गेली, ओठ हलवत. शेवटी थांबली. म्हणाली, “शेवटचं वाक्य माझं नाय.”

बाईंना हसू आवरेना. “बाकीचं तुझं?”

“हां. आमच्या घरचंच हाय. सरांना विचारा ना. सरांनी वही तपासली होती.”

तिघांच्या नजरा माझ्याकडे. मुख्याध्यापकांची तर मिस्किल, गंमत चालली आहे अशी.

मला एक वाक्य बोलायचं होतं. एकच. त्याला सुरुवात नको, मुद्दे नकोत, काही नको. ‘हे हिचंच आहे, मी घेतलं.’ लहान मुलालाही जमेल असं. त्याऐवजी मी म्हणालो, “वर्षाला शेकडो वह्या तपासतो मी. कसं लक्षात राहणार?” आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पुढे म्हणालो, “उतारा गाईडमधला आहे, एवढं मात्र नक्की. पाठांतर करणं वाईट नाही, बाळ. पण स्वतःचं म्हणून लिहू नये.”

बाळ. हा शब्द मी वापरला.

ती रडली नाही, भांडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. रागाने म्हणावं तर तसंही नाही. पाटीवरचं गणित चुकलंय की फळ्यावरचं, असं बघतात तशी. मग गेली.

मुख्याध्यापक बाहेर जाऊन वडिलांना मोठ्या आवाजात म्हणाले, “शिकवा हो मुलीला. चोरी करून पुढे जाता येत नाही.” बापाला तेवढाच शब्द कळला, चोरी. व्हरांड्यात आणखी पाच-सहा जण होते, त्यातले दोघे हरसूलकडचेच. मी आत बसून पुढचा पेपर तपासायला घेतला. ‘माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग म्हणजे शाळेचा पहिला दिवस.’ त्याला मी आठ दिले.

ती मुलगी त्या हिवाळ्यात हरसूलच्या रस्त्यावर, गिरणाऱ्याच्या नाक्यावर आईबापाबरोबर मजुरीसाठी उभी होती, असं पुढे कुणीतरी सांगितलं. मी त्या रस्त्याने जायचं बंद केलं. पश्चात्तापाची माझी झेप इतकीच. रस्ता बदलायचा. गाईडच्या पुढच्या आवृत्तीतून तो उतारा काढला, आणि प्रकाशकांनी विचारलं तेव्हा ‘जुना झाला’ म्हणून सांगितलं.

दहाएक वर्षं गेली. मी आता ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ झालो होतो. त्र्यंबक तालुक्यातल्या शिक्षकांचं एक शिबिर होतं, त्यात माझं सत्र ठेवलेलं. विषय: परिच्छेद लेखनाचे तंत्र. मी प्रोजेक्टर लावून भिंतीवर पारदर्शिका दाखवत होतो. सुरुवात, तीन मुद्दे, तात्पर्य. मास्तर लोक जांभया देत उतरवून घेत होते. तिसऱ्या रांगेत ती बसली होती. अंगाने भरली होती, चष्मा लागला होता. मी लगेच ओळखलं आणि सत्र वीस मिनिटं आधी संपवलं.

चहाच्या वेळी ती कप घेऊन समोर आली.

“ओळखलं का, सर?”

“हो.”

“बरं झालं. मला वाटलं, शेकडो वह्या तपासता, कसं लक्षात राहणार.”

ती सांगत होती, साध्या आवाजात. दुसऱ्या वर्षी मावशी पेठ रोडला राहायला आली, तिच्याकडे राहून डी.एड. केलं. आता आश्रमशाळेत आहे. म्हणजे तसं तिचं काही अडलं नाही, असं मी मनात म्हणून घेतलं. आणि त्याच वेळी तिने ते ओळखलं असावं.

“माझं चाललंय, सर. पण बा अजून म्हणतो, तू तवा चोरी केली. भांडणात नाय म्हणत, सहज म्हणतो. माझ्या पोरीला शिकवतानाही म्हणतो, आयसारखी चोरी करू नगं. मी किती सांगितलं. तो म्हणतो, एवढी शिकलेली माणसं खोटं बोलतील का?”

चहावर साय धरली होती. मी म्हणालो, “मी लिहून देतो.”

“द्या. आत्ता द्या.”

शेजारच्या वर्गात जाऊन आम्ही लहान मुलांच्या बाकावर बसलो. मी कागद काढला आणि लिहिलं: ‘तत्कालीन परिस्थितीच्या दडपणाखाली माझ्याकडून नकळत एक चूक घडली व त्यामुळे एका गुणी विद्यार्थिनीवर अन्याय झाला, याची मला आजही खंत वाटते.’ कागद तिच्याकडे सरकवला. खरं सांगतो, वाक्य बरं जमलंय असं मला वाटलं होतं.

तिने वाचलं. “यातलं बाला काय कळणार? आणि नकळत?”

मी ‘नकळत’ खोडलं.

“परिस्थिती कसली होती, सर? पंखा चालू होता.”

परिस्थितीही खोडली. नवा कागद घेतला. लिहिलं की, उतारा मी तिच्या वहीतून घेतला होता, आणि परीक्षेच्या वेळी मी गप्प बसलो.

“गप्प नव्हता बसला,” ती म्हणाली. “बोलला होता तुम्ही.”

तिसरा कागद. बाहेर जेवणाची घंटा झाली, मास्तर लोक ताटं घेऊन हसत-खिदळत रांगेत उभे राहिले. मी पंचेचाळिशीतला माणूस, गुडघे पोटाशी घेऊन पहिलीच्या बाकावर पाच वाक्यं जुळवत होतो. मोठा शब्द लिहिला की ती बोट ठेवायची. शेवटी खाली मी सवयीने लिहायला गेलो की, ‘यातून सर्वांनी...’ आणि हात आपोआप थांबला. तेवढं तिला सांगावं लागलं नाही.

कागद घडी करून मी पुढे केला. तिने घेतला नाही.

“मी वाचून दाखवला तर बा म्हणेल, पोरीनंच लिहिला. तुम्ही या. हरसूलला. बाजाराच्या दिवशी.”

गेलो. टाळता आलं असतं, माझ्याकडे कारणं पुष्कळ होती. एसटीने गेलो, गिरणाऱ्यावरूनच. बाजारात तिचे वडील एका चहाच्या टपरीपुढे बाकड्यावर बसले होते, आजूबाजूला त्यांच्या वयाचे चौघेपाच. ती उभी होती. मी नमस्कार केला. त्यांनी ‘या मास्तर’ म्हणून जागा करून दिली. अगत्याने. ते अगत्य मला नको होतं. मी उभ्यानेच कागद उघडून वाचला:

‘तुमच्या मुलीने अकरावीत असताना तुमच्या घराबद्दल लिहिलं होतं. ते मी तिच्या वहीतून उतरवून माझ्या पुस्तकात छापलं. तिला विचारलं नाही. पुढे तिने तेच परीक्षेत लिहिलं, तेव्हा तिने पुस्तकातून चोरलं असं बाकीचे म्हणाले आणि मला खरं माहीत असून मीही तसंच म्हणालो. चोरी मी केली होती.’

म्हातारा ऐकत होता. कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत. मग म्हणाला, “म्हंजे पोरीनं नाय केली?”

“नाही.”

“मग तवा का नाय सांगितलं?”

“भ्यालो.”

“कोणाला?”

मी आठवून पाहिलं. एक म्हातारे मुख्याध्यापक आणि एक हसऱ्या बाई. दोघांनीही माझं काही वाकडं केलं नसतं. फार तर दोन दिवस चर्चा झाली असती.

त्याने मान वळवून लेकीकडे पाहिलं. “तू सांगत हुतीस,” एवढंच म्हणाला. तिने मान हलवली. मला वाटलं, संपलं. मी कागद तिच्या हातात देऊन निघणार, तर म्हातारा बाकड्यावरून उठला आणि पलीकडे सुकी मासळी घेऊन बसलेल्या एका माणसाला हाक मारायला लागला. मग आणखी एकाला. “ए, इकडं या रं. तुम्ही हुता ना त्या दिशी नाशकात? पोरगी चोर म्हणून गावभर तुम्हीच सांगितलं ना? या, ऐका. मास्तर वाचतो.”

ते आले. त्यांच्यामागून दोन बाया आल्या, काय चाललंय म्हणून. मिरच्या मोजणारा थांबला.

“वाचा मास्तर,” म्हातारा म्हणाला.

मी पुन्हा वाचायला लागलो. पहिलं वाक्य झालं असेल नसेल, लोक आणखी जमले. माझा आवाज बारीक झाला होता. मागून कुणीतरी ‘काय म्हणतोय?’ असं विचारलं. तेव्हा ती पहिल्यांदाच गर्दीत जरा पुढे सरकली, माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

“जोरात वाचा, सर. मागच्यांना ऐकू येत नाय.”